जिन्याजवळची भिंत

डोळ्यांच्या दवाखान्यात शिक्षिकाबाई नंबर यायची वाट बघत होत्या. शेजारच्या बाकावर एक म्हातारे गवंडी मिस्त्री बसले होते. त्यांच्या डोळ्यांत औषध घातलेलं, म्हणून ते मिटलेले. सोबत त्यांची लेक होती.

"ऑपरेशन झालं की महिनाभर घरी बसायचं, बाबा."

"आणि कामाकडे कोण बघणार? दादाला बोलावतेस का?"

"दादाला ऑफिसच्या खुर्चीतून उठवायला क्रेन लागेल. मी बघेन."

"माणसं ऐकतील तुझं?"

"तुमचं तरी कधी ऐकलं त्यांनी?"

म्हातारा खुदकन हसला. मग म्हणाला, "जिन्याजवळची भिंत पाडून तू पुन्हा बांधलीस ना?"

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"डोळे अधू झालेत, हात नाही. दुसऱ्या दिवशी हात फिरवून बघितला. मी बांधली तेव्हा पोट सुटलं होतं तिला."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

"कौतुक केलं असतं तर तुझी चोरी उघडी पडली असती, म्हणून मीही गप्प बसलो. पण त्या रात्री निवांत झोपलो बघ. कितीतरी दिवसांनी."

"बाबा, डोळे चोळू नका."

"औषधाचंच पाणी आहे ते."

बाईंना राहवेना. "मिस्त्री, माझ्या घरामागची भिंत कललीय. येऊन बघाल का?"

म्हाताऱ्याने मिटल्या डोळ्यांनीच लेकीला कोपराने ढोसलं.

"अगं, बोल की. तुला विचारतायत."