झिलीच्या दुखण्यावरचा परिसंवाद

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या बालरोगतज्ज्ञ संघटनेचे आधारस्तंभ डॉ. गदाधर नंद, भुवनेश्वरहून वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे डॉ. विभूतिभूषण साबत, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी, विद्यार्थी, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही मागे भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या माझ्या वॉर्डातल्या नर्स दिदी, तुम्हा सर्वांना कौमुदी पाणिग्रहीचा नमस्कार.

आधी त्या दिदींनी बसून घ्यावं. बसा ना! निरोप माझा आहे, शिक्षा तुम्हाला कशाला?

नंदसरांनी माझं इतकं कौतुक केलं की ह्या बाई कोण, त्यांना एकदा भेटायला हवं, असं मला वाटू लागलं. सर, तुमची वाणी पहिल्यापासून गोड. नकारसुद्धा तुम्ही छेनापोडा मिठाईचा तुकडा हातावर ठेवावा तसा देता. सरांनी आत्ता जाहीर केलं की मुलांच्या वेदनांवर एक मोठा परिसंवाद संघटना पुढच्या हिवाळ्यात पुरीला भरवणार आहे, आणि त्याला माझं नाव देणार आहे. टाळ्याही झाल्या. त्याचा प्रस्ताव मी रीतसर मांडावा, अशी सरांची इच्छा आहे.

प्रस्ताव मांडायची मला सवय आहे. ही सवय कशी लागली, ते आज सांगते. निरोपाच्या दिवशी कोणी मध्येच थांबवत नाही, हा त्या दिवसाचा एक फायदा.

बरगडजवळच्या एका गावात तुळसा बाग नावाची बाई राहते. साड्या विणते. तिची मुलगी झिली. झिलीला सिकलसेल होता. आपल्या संबलपूरकडे हा रक्ताचा आजार काय असतो, ते ह्या सभागृहात कोणाला समजावून सांगायला नको. हाडं आतून कोणी पिळतंय असं दुखतं, म्हणायची ती. आमच्या वॉर्डात आली की आधी सगळ्या दिदींची खबर घ्यायची, 'ह्या खेपेला सलाइन कोण लावणार? मीनती दिदी असेल तरच हात देते!' आम्ही तिला मॉर्फिन द्यायचो, मोजून, नीट लक्ष ठेवून. दुसऱ्या दिवशी ती कुरमुऱ्यांची मुढी खात खिडकीत बसलेली दिसायची.

एकदा ती मामाच्या गावी गेली होती, तिथेच दुखणं उठलं. जवळच्या एका इस्पितळात नेलं. कुठल्या ते सांगत नाही, कारण ते कुठलंही असू शकलं असतं. झिली स्वतःच म्हणाली, 'मला मॉर्फिन लागतं.' झालं! एवढी पोरगी औषधाचं नाव घेऊन मागते? तिथले डॉक्टर तिच्या आईला म्हणाले, 'हिला चटक लागलीय. लाड बंद करा.' साधी तापाची गोळी दिली. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, छातीत दुखतंय, श्वास घेता येत नाही. डॉक्टर म्हणाले, 'काल पाय, आज छाती. उद्या काय, केस दुखणार?' बाजूचे लोक हसले म्हणे. झिली रडायची थांबली. तुळसाला वाटलं, झोप लागली.

ती गेली. छातीच्याच दुखण्याने गेली.

त्यानंतर मी संघटनेपुढे पहिला प्रस्ताव ठेवला. एक दिवसाचा परिसंवाद. मुलाचं दुखणं ओळखायचं कसं, मॉर्फिन द्यायचं कसं, त्याची भीती घालवायची कशी. आणि पहिलं भाषण तुळसा बागचं. कार्यकारिणीत एक ज्येष्ठ म्हणाले, 'पाणिग्रही मॅडम, वेदना हे लक्षण आहे, आजार नाही. लक्षणावर कसला परिसंवाद?' दुसरे म्हणाले, 'आणि पेशंटची आई व्यासपीठावर? मग चहावाल्यालाही बोलवू!' सगळे हसले. सर, तुम्ही हसला नाहीत, हे मला आठवतंय. तुम्ही घड्याळ पाहिलंत.

पुढच्या वर्षी पुन्हा मांडला, त्याच्या पुढच्या वर्षीही. अखेर तो मंजूर झाला. कार्यक्रमपत्रिका हातात आली तेव्हा त्यात उंची वाढवण्याच्या औषधांवर तीन व्याख्यानं होती, वेदनेला जेवणानंतरची वेळ होती, आणि तुळसाच्या जागी विषय होता 'आक्रस्ताळ्या पालकांना कसे हाताळावे'. मी माझं नाव काढून घेतलं. तेव्हापासून तुमच्यात मला आक्रस्ताळी म्हणतात, तेही ठाऊक आहे.

मग मी वॉर्डाच्या व्हरांड्यातच परिसंवाद ठेवला. सगळ्यांना निमंत्रणं गेली. त्याच सकाळी संघटनेने हॉटेलात प्रश्नमंजूषा ठेवली. योगायोगच असेल! व्हरांड्यात दिदी आल्या. डॉक्टर दोन आले, त्यातल्या एकाला फोन आला.

तुळसा पहाटेची बस धरून आली होती. स्वतः विणलेली, कुठल्याशा लग्नासाठी जपून ठेवलेली साडी नेसून. उभी राहिली, समोर पाहिलं आणि मला हळूच म्हणाली, 'डॉक्टरमा, ह्यांना काय सांगू? ह्या तर माझ्याबरोबर रडलेल्या बाया. ज्यांना सांगायचंय ते कुठायत?'

मी म्हटलं, 'येतील, थोडं थांबू.'

थांबलो. चहा झाला, दुपारचं जेवणही झालं. मग ती म्हणाली, 'माझी बस जाईल. मला मोठं भाषण येत नाही. एकच सांगायचं होतं. तुम्हीच सांगा कधीतरी.' तिने मला ते सांगितलं आणि ती बस गाठायला निघाली. नंतर दोनदा बोलावलं. आली नाही. आणि का यावं तिने?

म्हणून नंदसर, मी प्रस्ताव मांडत नाही. परिसंवाद जरूर भरवा, त्याची गरज आहे. पण पुरीला नको आणि माझ्या नावाने तर नकोच. बरगडला भरवा, आणि तुळसा बागकडे स्वतः जा. ती नाही म्हणेल. तरी जा.

तिचा निरोप द्यायला मला आजवर एवढे डॉक्टर एका जागी बसलेले मिळाले नव्हते. आज माझ्या जाण्याच्या आनंदात मिळालेत, तर देऊन टाकते. तिने सांगितलं होतं, 'त्या लोकांना सांगा, माझी झिली खोटं बोलत नव्हती.'

झिली बाग खोटं बोलत नव्हती.

तुम्ही शाल दिलीत, ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. स्वयंपाक्याला फार ताटकळवलं, त्याची माफी मागते. इतक्या वर्षांत कोणाला उणंदुणं बोलले असेन, आजही आवाज चढला असेल, तर मोठ्या मनाने विसरून जा. त्या एका वाक्याची मात्र माफी मागत नाही, आणि ते विसरूही नका.

नमस्कार.