खिंडीत थांबलेलं बत्तीस फुटी घर

"हॅलो?... हॅलो, कोण? डार्ला? अगं, मोठ्यानं बोल, नुसता वारा ऐकू येतोय... कुठे आहात? मी कधीची ओव्हनमधला रोस्ट राखत बसलेय... मोनार्क खिंडीच्या माथ्यावर? मग आलातच की! उतरलात की गनिसन, माझ्या दारात... का? काय झालं? रडतेयस का तू?"

ग्लेंडानं हातातला डाव खाली ठेवला. टेबलाशी बसलेल्या टेटनं 'डार्ला' ऐकलं आणि त्याचा काटा हवेतच थांबला. डार्ला त्याची आई, ग्लेंडाची धाकटी बहीण. आईबाप कॅन्ससचं घर विकून, चाकांवरचं नवं घर घेऊन आज इथे येतायत, हे मावशीनं त्याला मुद्दामच सांगितलं नव्हतं. शेती करणार नाही म्हणाला म्हणून वेंडेलनं, त्याच्या बापानं, 'माझ्या छताखाली तुला जागा नाही' असं ऐकवून त्याला घालवलं होतं. त्याला तीन वर्षं झाली; टेट आता इथेच गनिसनमध्ये ट्रकनं घोडे वाहायचं काम करतो. आज बापलेकांना न सांगता एका टेबलाशी बसवायचं, असा ग्लेंडाचा बेत होता. तिचे बेत नेहमी असेच, अर्धे कच्चे.

"कसला वास?... ब्रेकचा? कुठल्या उतारावर?... खिंडीच्या आधीच्या?... मागून ढकलत होतं? ट्रेलर ट्रकला ढकलत होता?... अगं बाई! आणि चढताना इंजिनाचा काटा लाल... थांब, थांब. ट्रक कुठला? तोच जुना पिकअप? आणि त्याच्यामागे बत्तीस फूट?... हं. ट्रकचं नाक कुठेय, समोर की आभाळाकडे?... वाटलंच मला. मागचा भाग पार बसलाय त्याचा."

टेट खुर्चीत ताठ झाला. तिनं त्याला हातानंच 'बस' म्हटलं.

"ओढतो म्हणे! कुणी सांगितलं, विकणाऱ्यानं?... अगं, त्यांच्या पत्रकातलं वजन रिकाम्या घराचं असतं. त्यात तुझं शिवणाचं मशीन नसतं, लोखंडी तवे नसतात, पीचच्या बरण्या... सगळ्या? सगळ्या आणल्यास?... हो, हो, घर विकलं, मग ठेवणार कुठे, कळतंय मला... अगं ऐक ना! पाण्याची टाकी? काठोकाठ? का?... घरच्या विहिरीचं पाणी म्हणून? डार्ला, कोलोरॅडोत काय माणसं तहानेनं मरतात?"

तिला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. त्या उतारावर एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, हे गनिसनमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"आता वेंडेल काय म्हणतोय?... ब्रेक गार झाले की निघू? बर्फ यायच्या आत?... नाही! अजिबात नाही! चावी काढून घे... मग तू उतर. उतर गाडीतून, कुत्र्याला घे आणि दगडावर बस. तुला टाकून तो नाही जायचा... या माणसाचा सोस! दोन म्हातारी माणसं, आणि राहायला आगगाडीचा डबा! वीस फुटी घेतलं असतं तर तुमच्या ट्रकनं गाणं म्हणत ओढलं असतं. पण नाही, शेजाऱ्यांना दाखवायला... काय?"

ग्लेंडा मटकन खाली बसली.

"तू? मोठं तुला हवं होतं? तो वीस फुटीच म्हणत होता?... मग का गं बाई?... कुठली खोली?... मागची. खाटेची. अगं, तुम्हाला तिसरी खाट कशाला... टेटसाठी?"

टेटनं काटा ताटात ठेवला. ग्लेंडानं त्याच्याकडे पाहायचं टाळलं, पण आवाज मात्र खाली आणला नाही.

"...म्हणजे पुन्हा कुणी जागा नाही म्हणू नये म्हणून... आणि वेंडेल काय म्हणाला?... काहीच नाही? गप सही केली? आणि मग?... खाट त्यानं वाढवली? स्वतः फळी ठोकून?... टेटचे पाय बाहेर येतील म्हणून. हं... हं... नको रडूस गं. मलाही रडवशील. फोन दे त्याला... देत नाही काय, दे!"

"वेंडेल? मी ग्लेंडा. ऐक... ओढतो, मान्य, पण प्रश्न ओढायचा नाहीच, थांबवायचा आहे!... हो, आयुष्यभर धान्याच्या गाड्या ओढल्यास. कॅन्ससमध्ये! तिथे सगळ्यात मोठा चढ म्हणजे कोठाराची शिडी!... ओरड, ओरड हवं तेवढं, पण जागचा हलू नकोस. आधी टाकी सोड, पाणी वाहून जाऊ दे... बर्फ सुरू झाला? मग तर नाहीच! रात्र काढा तिथे, गोठलात तरी चालेल... रविवारी कोण येणार म्हणजे? हे घर पेलेल असा ट्रक आहे एक. मागे जोडचाकं, घोडे वाहतो... हो. त्याचाच."

टेटनं ताट बाजूला सारलं.

"वेंडेल?... विचारणार नाहीस. बरं. बापजन्मात विचारणार नाहीस, ऐकलं मी. पण डार्ला तिथे दगडावर बसलीय रे..."

खुर्ची सरकली. टेट उठला, कोट अंगात घातला, खुंटीवरची चावी काढली. दाराशी थांबून त्यानं मावशीला हळूच काहीतरी विचारलं. ग्लेंडानं फोन पुन्हा तोंडाशी नेला.

"वेंडेल, ट्रकला घर जोडायचा तो लोखंडी गोळा केवढाय? दोन इंची की मोठा?... अरे, सांग तर... मोठा?" तिनं टेटकडे पाहून मान डोलावली. "मोठा आहे... कशाला म्हणजे? येणारा विचारतोय... कोण काय, वेंडेल. इथेच बसलाय तो मघापासून. सगळं ऐकलंय त्यानं. खाटेचंसुद्धा."

अंगणात डिझेल इंजिन धडधडलं. दार उघडंच राहिलं होतं आणि थंडी सरळ ओव्हनपर्यंत आली.

"हॅलो? वेंडेल, आहेस ना?... काय? मोठ्यानं बोल... त्याला सांगू? काय सांगू?... रस्ता निसरडा झालाय, सावकाश चालव?"

ट्रकचे लाल दिवे कोपऱ्यावरून वळले.

"गेला रे तो. आता तूच सांग त्याला, समोर आला की... हॅलो?... वेंडेल?... हॅलो?"