पाण्यातून गेलेली वाट

मॅडम : दार लोटून घ्या, जावईबापू. आणि हे बघून झाल्यावर सासऱ्यांना फोन लावायचा नाही.

जावईबापू : मी कधी लावलाय?

मॅडम : मग परवा जिन्यात कोणाशी कुजबुजत होता? मला बघितलंत आणि गप्प झालात.

जावईबापू : घरी बोलत होतो. दाखवा काय ते.

मॅडम : तुमच्या सासऱ्यांच्या रंगाच्या कारखान्याभोवतीची पोरं आजारी पडतायत, त्यांच्या लघवीत काय काय वाढलंय ते मी या वेबसाइटला दिलं. शरीरात कशाचं काय होतं, त्याचा सगळा नकाशा तिच्याकडे आहे. मग विचारलं, कारखान्यातल्या रंगापासून इथपर्यंत वाट आहे का? ही बघा लाल रेघ. दोन उड्यांत पोचली. उद्याच्या बैठकीत हेच ठेवणार आहे.

जावईबापू : मधे काय लागतं?

मॅडम : आलात मूळपदावर. मोठ्या डॉक्टरांना मी सांगितलंच होतं, कारखानदाराचा जावई या कामात नको, तो खुसपट काढणार.

जावईबापू : काढतो. तो मधला ठिपका मोठा करा.

मॅडम : केला. पाणी आहे.

जावईबापू : पाणी शरीरात जिकडेतिकडे लागतं, मॅडम. बसस्टँडवर दोघं दिसले म्हणून काय ते सोयरे झाले? पाण्यावरून जायचं तर साखरेपासूनही वाट निघेल.

मॅडम : खाल्ल्या मिठाला जागताय.

जावईबापू : असेल. वर 'पाणी वगैरे वगळा' अशी चौकट आहे. तिच्यावर खूण करायची राहिलीय तुमची.

मॅडम : बरी सापडली तुम्हाला, अगदी सोयीची.

जावईबापू : उद्या कारखान्याचा वकील हीच चौकट दाखवेल. मग त्या पोरांबद्दल आपलं परत कोणी ऐकायचं नाही.

(ती खूण करते. नकाशा पुन्हा उमटतो.)

मॅडम : 'मार्ग सापडला नाही.' झालं तुमच्या मनासारखं? जा, सांगा सासऱ्यांना, सुटलात म्हणून.

जावईबापू : सुटले कुठे? आपल्या हातात पुरावा नाही, एवढंच झालं. आणखी नमुने घेऊ. विहीर तपासू, माती तपासू.

मॅडम : एवढी कळकळ? खरं सांगा, रेघ पुसली गेली तेव्हा जीव भांड्यात पडला ना?

जावईबापू : नाही. ती वाट मला हवी होती. तुमच्यापेक्षा जास्त.

मॅडम : तुम्हाला कशाला?

जावईबापू : आमचं घर कारखान्याच्या आवारातच आहे. लघवीच्या नमुन्यांच्या बाटल्यांवर नुसते आकडे असतात, म्हणून तुम्हाला कळलं नाही. सातवी बाटली माझ्या मुलीची आहे. परवा जिन्यात तिलाच विचारत होतो, आज पोट दुखतंय का म्हणून.