बाळंतीण कुठली?

अरे, मी महापालिकेच्या आरोग्य विभागात असून बाळंतपणात कसा अडकलो, ते ऐका. रुग्णालयांच्या आकड्यांत चिकलठाण्याच्या एका वस्तीतली एकही बाळंतीण दिसेना. साहेब म्हणाले, "मग तिथं व्हायचं नवं प्रसूतिगृह दुसरीकडं देऊ. पण एकदा बघून या."

गेलो, तर पहिल्याच घरात नऊ महिन्यांची गरोदर पोर! तिच्या आईला विचारलं, "मावशी, इथल्या सुना बाळंतपणाला कुठं जातात?"

"माहेरी, आपापल्या गावाला."

"आणि लेकी?"

"त्या इथं येतात की. ही जालन्याहून आलीय."

"मग दवाखान्यात पत्ता कुठला सांगता?"

"सासरचा! लग्न झालेल्या पोरीचा पत्ता इथला कसा आसंल?"

माझं डोकंच फिरलं. इथली बाळंतपणं आम्ही जालन्याची म्हणून मोजत होतो!

तेवढ्यात पोरीला कळा सुरू झाल्या. आमच्याच जीपमधून दवाखान्यात नेलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण काउंटरवरच्या बाईनं पत्ता विचारला, तेव्हा मावशी म्हणाल्या, "जालना."

मी ओरडलो, "नाय, चिकलठाणा लिहा!"

बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तुम्ही कोण, नवरा?"

गोंधळून मी म्हणालो, "नाय हो, महापालिका!"