शेवटच्या सामन्याआधीची नावं

(ओव्हरडेन, यॉर्कशरमधलं जुनं खाणीचं आणि रग्बीचं गाव. शनिवारी दुपारी क्लिफ सगडनच्या गॅरेजात. जमिनीवर पांढरी चादर अंथरलेली, तिच्यावर ओल्या काळ्या रंगात घोषणा.)

जिल : ब्रश खाली ठेवा, क्लिफकाका, आणि माझ्याकडे बघून उत्तर द्या.

क्लिफ : रंग वाळतोय पोरी. आणि तू ‘चालता हो’वर उभी आहेस. जरा मागे सरक.

जिल : बहिष्काराला उद्याचाच सामना का निवडलात?

क्लिफ : उद्या टीव्हीवाले येतायत म्हणून. सबंध हंगामात एकदा येतायत. रिकाम्या खुर्च्या दाखवायच्या तर कॅमेरा नको? अख्खं गाव फाटकाबाहेर आणि आत फक्त तो क्लबचा मालक क्रेन, आपल्या बायकोसोबत, कोळंबी खात. बघू दे सगळ्या देशाला.

जिल : उद्याचा सामना घरच्या मैदानावरचा शेवटचा. शेवटच्या सामन्याआधी आपल्याकडे काय असतं?

क्लिफ : काय असतं म्हणजे?

जिल : तुम्हाला माहितीये.

क्लिफ : नावं असतात.

जिल : वर्षभरात गेलेल्या आपल्या माणसांची नावं. एनिडमावशी माइकवरून वाचतात आणि सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवतं. यंदा त्यात बाबांचं नाव आहे. आणि त्यांच्या जिवलग दोस्तानं गावाला बजावलंय, कुणी आत पाऊल टाकायचं नाही.

क्लिफ : खरं सांगू? तारीख ठरवली तेव्हा डोक्यातच आलं नाही. डोक्यात टीव्ही होता, दुसरं काही नव्हतं. आलं तेव्हा पत्रकं वाटून झाली होती.

जिल : मग मला फोन करायचा होतात.

क्लिफ : म्हटलं, तू राहतेस लीड्सला. तुझं विद्यापीठ, तुझी पुस्तकं. तुला एवढं काही वाटणार नाही.

जिल : मला वाटणार नाही!

क्लिफ : आणि अंत्यविधी तर व्यवस्थित झाला की. फुलं होती, सॅंडविच होते.

जिल : अंत्यविधीला पाद्री बाबांना दोनदा ‘रॉबर्ट’ म्हणाले. रॉय ऑल्डरॉइडला. बाबा कधी चर्चमध्ये गेले नाहीत, त्यात त्या बिचाऱ्यांची काय चूक? मी पुढच्या बाकावर होते. मनात म्हटलं, असू दे. सप्टेंबरात मैदानावर नाव नीट घेतलं जाईल. ज्यांच्यात बाबा आयुष्यभर उभे राहिले ती माणसं ऐकतील. तेव्हापासून मी त्या एका मिनिटाची वाट बघतेय, क्लिफकाका. माझं दुसरं काही मागणं नाही.

क्लिफ : बस त्या खोक्यावर. चहा ओततो.

जिल : नको चहा.

क्लिफ : अगं, मला काय आनंद होतोय का बाहेर उभं राहण्यात? पण रॉयला मारलं कुणी? या हंगामानं मारलं!

जिल : बाबांना फुप्फुसांनी मारलं. खाणीतल्या धुळीनं.

क्लिफ : धूळ त्यानं जन्मभर पचवली. हा हंगाम नाही पचला. शेवटचं काय बोलला तो? तू होतीस ना तिथे?

जिल : होते.

क्लिफ : मग सांग की.

जिल : ‘अरे गाढवा, खाली वाकून पाय धर.’ नर्स दचकली. तिला वाटलं, तिलाच म्हणाले.

क्लिफ : रेडिओवर मॅच चालू होती! आणि अगदी बरोबर बोलला. त्या आपल्या पुढच्या रांगेतल्या प्रॉपला समोरच्याला पाडताना पाय धरायचे असतात हेच माहीत नाही. धावत येणाऱ्याला मिठी मारतो, लग्नात भेटल्यासारखा. समोरचा त्याला पाठीवर घेऊन रेषेपार जातो आणि ट्राय टाकतो.

जिल : अठ्ठावन्न विरुद्ध चार हरलो त्या दिवशी.

क्लिफ : आठवण काढू नकोस. आणि कॅप्टन विकला, तो कुणाला? नदीपलीकडच्यांना! जगात गिऱ्हाईकं संपली होती? मग तेच आपल्या मैदानावर आले आणि आपल्याच पोरानं आपल्यावर तीन ट्राय टाकले. रडत होता गडी टाकताना. मी फळीला टेकून उभा होतो, मी बघितलं.

जिल : बाबा म्हणाले होते, तो गेला की संघाला पाठीचा कणा राहणार नाही.

क्लिफ : मग कणा म्हणून ऑस्ट्रेलियातून कोण आणला? गुडघ्याला पट्टी बांधूनच उतरला विमानातून. दोन मॅच खेळला, बहिणीच्या लग्नाला म्हणून गेला तो गेलाच. बहिणीला पोरंही झाली असतील एव्हाना. कोच तीन झाले. तिसरा तर क्रेनच्या मेव्हण्याचा जिममधला दोस्त. आणि जर्सीच्या छातीवर काय लावलं? लांडगा! ओव्हरडेनात कुणी लांडगा बघितलाय?

जिल : आधीचं खाणीचं चाक जुनाट दिसतं म्हणे. त्यांच्या ईमेलमध्ये होतं.

क्लिफ : खाण गाडली, तेव्हा कुणी विचारलं नाही. छातीवर एक चाक उरलं होतं, तेही या शॉवरच्या काचा विकणाऱ्या क्रेननं काढलं. हे बघ, हरण्याचं आम्हाला काही नाही. ओव्हरडेन माझ्या बापाच्या वेळेपासून हरतंय. पण आपला गडी आपटला की उठायचा, दात थुंकायचा आणि परत रांगेत उभा राहायचा. यंदा उठलेच नाहीत. तळाला गेलो, खालच्या विभागात ढकलले गेलो, आणि हा माणूस टीव्हीवर म्हणतो, हे बांधणीचं वर्ष होतं. असल्या माणसापुढे मी तिकीट फाडून आत जाऊ?

जिल : तुमच्या शब्दाशब्दाशी मी सहमत आहे.

क्लिफ : मग?

जिल : शीलाकाकूंचं नाव वाचलं त्या वर्षी तुमच्या शेजारी कोण उभं होतं?

क्लिफ : जिल.

जिल : एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला मी. पाऊस होता. तुम्ही टाळ्या वाजवत नव्हतात, नुसते आपलेच हात घट्ट धरून उभे होतात. बाबा म्हणाले, राहू दे, आपण त्याच्या वाटच्या वाजवू. सगळं मैदान वाजवत होतं, क्लिफकाका. पाहुण्या संघाची माणसंसुद्धा. तुम्हाला ते मिळालं.

क्लिफ : मिळालं.

जिल : मग रॉय ऑल्डरॉइडला का नाही?

एनिड : त्याला तर नाहीच मिळणार, आणि कुणालाच नाही. दार उघडंच होतं म्हणून आले. जिल, बरी आहेस ना गं? मलाही ओत चहा, क्लिफ.

क्लिफ : काय झालं?

एनिड : आत्ता क्लबच्या ऑफिसातून येतेय. क्रेननं बोलावलं होतं. म्हणतो, उद्या नावं नाहीत. रिकाम्या मैदानात मेलेल्यांची नावं वाचली तर टीव्हीवर दफनभूमीसारखं दिसेल. त्याऐवजी नाच. लांडग्याचा मुखवटा घातलेला कुणीतरी येणार आणि आगीचे फवारे उडणार. मी म्हटलं, मिस्टर क्रेन, तुम्ही काचा विकायला लागण्याआधीपासून मी ही नावं वाचतेय. तर म्हणतो, ‘डार्लिंग, पुढच्या वर्षी बघू.’ डार्लिंग! माझा नवरा मला कधी डार्लिंग म्हणाला नाही, आणि हा!

जिल : म्हणजे बहिष्कारामुळे नावंच गेली.

क्लिफ : माझ्यामुळे म्हण ना सरळ.

जिल : नाव कुणाचं घ्यायचं ते तुम्हीच ठरवा.

एनिड : भांडू नका. मी वाचणार आहे.

क्लिफ : क्रेन नाही म्हणाला ना?

एनिड : माइक माझ्या हातात असतो. संघ बाहेर यायच्या आधी मी बटण दाबणार आणि वाचणार. काढून टाकेल मला. काढू दे. एका गरम मटण पाईच्या बदल्यात पावसात बसून बोलणारी दुसरी बाई शोध म्हणावं. आणि यंदा तर पाईसुद्धा बंद केली त्यानं, रॅप देतो. पोळीत गवत गुंडाळलेला!

जिल : तुम्ही खरंच वाचाल?

एनिड : मी वाचेन. ऐकायला कोण असेल, ते मला विचारू नकोस.

जिल : मी असेन. मी आत येईन.

क्लिफ : येशील तर ये. पण फाटकातून येताना आमच्या रांगेतून यावं लागेल.

जिल : येईन.

क्लिफ : आम्ही सगळे बाहेर उभे असू आणि रॉयची पोरगी आमच्यामधून आत जाईल.

जिल : एका मिनिटासाठी. नाव ऐकेन आणि बाहेर येईन.

क्लिफ : तुझा लेसकाकाही एवढंच म्हणाला होता. पोरांना बूट घेण्यापुरतं कामावर जातो. खाणीच्या संपाच्या वर्षी, ऐन थंडीत, संपफोड्यांना आत नेणारी जाळीची बस आली आणि तो मान खाली घालून आत बसला. तुझा बाप खाणीच्या फाटकावर माझ्या शेजारी उभा होता. ओरडला नाही, दगड उचलला नाही. नुसता बघत राहिला सख्ख्या भावाकडे. त्यानंतर मरेपर्यंत त्याच्याशी बोलला नाही.

जिल : मला माहितीये. त्याच घरात वाढलेय मी. ख्रिसमसला एक खुर्ची रिकामी असायची.

क्लिफ : मग रॉयचं नाव ऐकायला तू रांग ओलांडणार? रॉयचं?

एनिड : क्लिफ, पुरे. पोरीचा बाप गेलाय.

क्लिफ : माझाही दोस्त गेलाय, एनिड! माझ्या डाव्या हाताला आता कोण उभं राहतं? कुणी नाही. एक हॉटडॉगवाला येतो, तो मॅचकडे पाठ करून फोन बघतो. मला काय वाटतं ते कुणी विचारलंय?

जिल : तुम्ही मला फितूर म्हणताय.

क्लिफ : मी नाही म्हणालो.

जिल : म्हणालात. आणि राग कशाचा येतो सांगू? तुमचं बरोबर आहे. बाबा जिवंत असते आणि नाव माझं असतं, तरी ते आत गेले नसते. बाहेर उभे राहून रडले असते, पण गेले नसते. त्या माणसानं संघ विकला, चाक काढलं, सगळा हंगाम मातीत घातला, आणि वर मला अशा जागी आणून ठेवलंय की बाबांना टाळी वाजवायची तर बाबांनाच तोंड दाखवायला जागा उरू नये. ठीक आहे. नाही जात आत. वाचा मावशी तुम्ही. रिकाम्या खुर्च्या ऐकतील.

क्लिफ : पोरी.

जिल : नको. द्या आता तो चहा.

एनिड : थंड झालाय. माझा घे.

जिल : मावशी, तुमचा आवाज बाहेर रस्त्यावर येतो का?

एनिड : मैदान भरलेलं असलं की नाही येत. माणसं पिऊन टाकतात आवाज. पण रिकामं असलं की लांब जातो. गुरुवारी सकाळी माइक तपासताना मी नुसतं ‘एक, दोन, तीन’ म्हणते तर सेमेटरी रोडवरची मिसेस पिकरिंग खिडकीतून ओरडते, अगं, मला शौचाला तरी शांतपणे बसू दे.

जिल : म्हणजे उद्या येईल.

एनिड : उद्या तर स्मशानापर्यंत जाईल.

क्लिफ : येणार नाही. उद्या मी सगळ्यांना ढोल आणायला सांगितलेत. भोंगे, शिट्ट्या, पातेली. संघ मैदानात यायच्या आधीच एकदम सुरू करायचं ठरलंय. कॅमेऱ्यात यायला हवं ना.

जिल : मग सांगा त्यांना गप्प राहायला.

क्लिफ : वर्षभराचा राग घेऊन येतायत ती माणसं. अर्ध्यांनी दुपारपासून ढोसलेली असेल. त्यांना म्हणू, ओरडू नका?

जिल : नावं संपेपर्यंत. मग हवं तेवढं ओरडा. मीही ओरडेन. मला पातेलं द्या.

एनिड : ऐकतील का रे तुझं?

क्लिफ : संपात फाटकावर पोलिसांच्या घोड्यांपुढे गप्प उभी राहिलेली माणसं आहेत ही. म्हणजे त्यांतली म्हातारी तरी. पोरांना ती गप्प करतील. मी पुढे उभा राहून हात वर करीन. जो हात खाली यायच्या आधी वाजवेल, त्याचा ढोल मी त्याच्या डोक्यात घालीन.

जिल : टाळ्या वाजवतील ना पण?

क्लिफ : रॉयला? हात सुजेपर्यंत. आणि टीव्हीवाल्यांना कळणारच नाही, आवाज कुठून येतोय.

एनिड : मग मला नीट सांगा. मी नाव आणि गल्ली वाचते, एवढंच. गल्ली कुठली म्हणू? शेवटी तो लीड्सला तुझ्याकडे होता ना?

जिल : शेवटचे काही आठवडे. ते मोजू नका. टनेल स्ट्रीट म्हणा.

क्लिफ : टनेल स्ट्रीट. आणि ऑल्डरॉइड नीट म्हण. ‘रॉ’वर जोर देऊ नकोस.

एनिड : तू मला शिकवू नकोस. थांबा, एकदा म्हणून बघते. रॉय ऑल्डरॉइड, टनेल स्ट्रीट.

क्लिफ : बरोबर आहे.

एनिड : जिल? बरोबर आहे ना?

जिल : हो. अजून एकदा म्हणा, मावशी. घाई न करता.