सुंदराची बादली

मंडळी, एक प्रश्न विचारतो. आपण एखाद्याच्या बाजूचे आहोत, हे फक्त आपल्यालाच ठाऊक — त्या माणसालासुद्धा नाही! — तर ती बाजू झाली का हो? झाली म्हणता? मग ऐका!

बोरखडी नावाचं गाव. तिथं ठकूबाई, शाळेत पोरांची खिचडी शिजवणारी. नवरा वारलेला, पदरात दोन लेकी, आणि त्या खिचडीच्या कामावर घरची चूल. काम दिलं कुणी? सरपंच दौलतरावांनी! त्यामुळं ठकूचं तोंड कायम बंद. पातेल्याचं झाकण बरं हो — वाफ आली की उडतं तरी!

आली ग्रामपंचायतीची पोटनिवडणूक, ठकूच्या आळीतल्या एका जागेची. दौलतरावांच्या माणसासमोर उभं कोण? सुंदरा! हातपंप दुरुस्त करणारी सुंदरा. पंप बिघडला की पान्हा घेऊन ही हजर — उन्हात, उपाशी, ऐन सणाच्या दिवशीसुद्धा! गाव तिच्या कष्टाचं पाणी प्यायचं. पण प्रचाराला निघाली, तर मागं कोण? तिची सावली!

दारोदारी एकच उत्तर — "सुंदरे, आम्ही मनातून तुझेच गं!" आणि दार लावून आत काय? "तिच्यामागं तर कुणीच दिसत नाही. मत वाया कशाला घालवायचं?" वा रे मनातून!

त्यात तिला चिन्ह मिळालं बादली. झालं! पारावरची टवाळ मंडळी म्हणायची, "रिकामी बादली आडवी आली, अपशकुन झाला!"

शेवटी सुंदरा ठकूच्या पायरीवर येऊन बसली. "मावशी, बास झालं. उद्यापासून फिरत नाही. माझ्या बाजूचं एक माणूस दिसंना मला."

ठकू बोलून गेली, "मी हाय की गं, मनातून..."

सुंदरा नुसती उठली आणि गेली. मंडळी, शिवी दिली असती तर बरं! ते उठून जाणं ठकूच्या फार जिव्हारी लागलं.

सकाळी ती पंपावर गेली, बादली काठोकाठ भरली, आणि रस्त्यावरनं दिसेल अशी उंबऱ्याबाहेर ठेवली. रिकामी अपशकुनी ना? मग ही घ्या भरलेली!

तासाभरात दौलतराव स्वतः दारात! माणूस मोठा गोड. म्हणाले, "ठकूबाई, पाव्हण्यांना पाय धुवायला पाणी ठेवलं असशील, नाही का?"

बघा! सुटायची वाट त्यांनीच दाखवली. नुसतं 'हो' म्हणायचं — काम शाबूत, चूल शाबूत! तुम्ही काय म्हणाला असता? खरं सांगा, देवाच्या दारात बसलाय!

ठकूनं बादलीवर हात ठेवला. म्हणाली, "नाही जी. ही सुंदराची बादली हाय."

"मग उद्यापासून शाळेत येऊ नकोस."

"बरं."

एवढंच! पण समोरची यमुना दाराआडून ऐकत होती. ती बाहेर आली — हातात भरलेली बादली! मग तिची शेजारीण. मग पलीकडची. दुपारपर्यंत पंपाचा दांडा थांबला नाही! मतदानाच्या दिवशी आळीत जिकडंतिकडं बादल्या, आणि सुंदरा आली निवडून — सहा मतांनी!

थांबा, टाळ्या नकोत! ठकूचं काम गेलं ते गेलंच होतं. ती लोकांच्या रानात खुरपायला जायला लागली. आणि वाटेत भेटेल तो काय म्हणायचा? "ठकूबाई, मनातून फार वाईट वाटतं हो!" हसू नका! माणूस असाच आहे.

पुढं ग्रामसभा भरली. सरपंच दौलतरावच. सुंदरा उठली — "मावशीला काम परत द्या, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा." दौलतराव एकेकाच्या तोंडाकडं बघतायत. सगळ्या माना खाली! मग यमुनाचा हात वर गेला. मग शेजारणीचा. मग इतके, की मोजायचं कारणच उरलं नाही. ठकूला काम परत मिळालं.

मंडळी, मनातलं देव जाणतो, कबूल! सरपंच जाणत नाही, तो हात बघतो. तुमच्याही गावात एक ठकू आहे. मला तिचं नाव ठाऊक नाही, तुम्हाला आहे. तिच्यासाठी — करा बघू हात वर!

अहो, शेजारच्याकडं काय बघताय?