न धुतलेली गोधडी

तुम्ही मांजर आणताय म्हणून सांगतो, पिसवा मांजरीच्या अंगावर कमी आणि अंथरुणात जास्त असतात. मला हे जळगावला कळलं. बायको गेली आणि आमची मनी तिच्याच गोधडीवर झोपू लागली. महिन्याभरात पिसवा चावून माझे पाय लाल झाले. मनीला तीनदा आंघोळ घातली, फणीने विंचरलं, तरी पिसवा परत हजर. मेहुणा म्हणाला, "फैजपूरला केळीच्या बागेत सोडून येऊ तिला."

शेजारच्या अक्का धुळ्याकडच्या. त्यांनी गोधडी उचलून पाहिली.

"भाऊ, बठ्ठ्या पिसवा यामाच शेतस."

"अक्का, ती धुवायची नाही."

धुतली तर बायकोचा वास जाईल, हे मी बोललो नाही. त्यांनीही विचारलं नाही. ते उपकार मी अजून मानतो. एवढंच म्हणाल्या, "कोन धुस? मे महिनानं ऊन कसाकरता शे?"

चार दिवस त्यांनी गोधडी तापलेल्या पत्र्यावर घातली, उलटली, झटकली. मी मनीला विंचरत आणि घर झाडत राहिलो. पाचव्या दिवशी पिसवा नव्हत्या. वास होता, थोडा.

अक्कांनी गोधडीची घडी माझ्या हातात दिली, तशी मनी तिच्यावर चढू लागली. "ल्या. आते जागाकरता दोन्हीजन भांडा."